चाळीस मालकांचा मालक

गेल्या महिन्यात सात रस्ता चौकात सिग्नलला थांबलो होतो, तर समोरच्या फ्लेक्सवरून आमचे जुने शेट माझ्याकडे बोट दाखवत होते. अंगात निळा कोट, केस काळेभोर केलेले, दातही नवे असावेत. वर लिहिलं होतं, ‘नोकर म्हणून किती दिवस जगणार?’ आणि खाली मोफत व्याख्यान, रविवारी सकाळी, चहा-नाश्त्याची सोय. मागच्या रिक्षावाल्यानं हॉर्न वाजवला नसता तर मी तिथंच मोठ्यानं हसलो असतो. ज्या माणसानं उभ्या आयुष्यात कुणाला न विचारता लघवीला जाऊ दिलं नाही, तो आता गावाला स्वातंत्र्य शिकवणार होता.

मी त्यांच्या चिंचोळी एमआयडीसीतल्या टॉवेलच्या कारखान्यात सात वर्षं होतो. ‘कामाला होतो’ असं म्हणायची तिथं बंदी होती. ‘नोकरी’, ‘पगार’, ‘साहेब’, ‘मालक’ हे शब्द कुणाच्या तोंडून निघाले की ते कानावर हात ठेवायचे. “मला मालक म्हणायचं नाही. मालक तुम्ही आहात. मी फक्त पार्टनर.” बायका बिचाऱ्या गोंधळून त्यांना ‘पाटनर शेट’ म्हणायला लागल्या. ते त्यांना चालायचं, कारण त्यात शेट होतं.

हे खूळ पुण्याहून आलं. मी कामाला लागलो त्या पहिल्याच वर्षी ते दोन दिवसांच्या कसल्याशा शिबिराला गेले होते. हॉटेलात शिबिर, गळ्यात फीत, दुपारी पंचपक्वान्नं. गेले तेव्हा साधे चिक्कू कारखानदार होते, परत आले ते तत्त्वज्ञ होऊन. सोमवारी सकाळी सगळ्यांना यंत्रांच्या मधल्या जागेत उभं केलं आणि पाऊण तास बोलले. गुलामी, मानसिकता, उड्डाण, गरुड असलं बरंच काही होतं. शेवटी म्हणाले, “आजपासून या छताखाली एकही नोकर नाही. चाळीस स्वतंत्र उद्योजक आहेत.” कुणी टाळ्या वाजवल्या नाहीत, म्हणून त्यांनी स्वतःच वाजवल्या.

शिबिरात त्यांना खरं काय शिकवलं होतं ते मला त्यांनी आणलेल्या फाइलीत सापडलं. माणूस नोकर असला की त्याचा विमा आला, फंड आला, भरपगारी सुट्टी आली, बोनस आला. तोच माणूस बाहेरचा ठेकेदार आहे असं कागदावर लिहिलं की यातलं काहीच येत नाही. एवढंच. बाकी सगळे गरुड त्याच्यावर बसवलेले होते. फाइलीत इंग्रजी कराराचा नमुना होता, त्याचं मराठी करायचं काम माझ्याकडे आलं. मी बी.कॉम. होतो, मोडनिंबहून नुकताच शहरात आलो होतो, आणि आपलं भाषांतर फार सुबक झालं आहे याचा मला अभिमान वाटला. तो करार अजून मला पाठ आहे. काम कधी करायचं ते उद्योजकानं स्वतः ठरवावं. हत्यारं स्वतःची आणावीत. स्वतः यायला जमलं नाही तर दुसऱ्या कुणाला पाठवावं. इतरांचंही काम घ्यावं. आणि सातवं कलम, काम करताना काही दुखापत झाली तर जबाबदारी ज्याची त्यानं घ्यावी.

प्रत्येकाला एक पेढा, एक पेन आणि शंभर व्हिजिटिंग कार्डं मिळाली. गेटवरच्या महादेवच्या कार्डावर ‘महादेव सुरक्षा सेवा’. झाडू मारणाऱ्या कलावतीबाईंच्या कार्डावर ‘कलावती स्वच्छता उद्योग’. मी ‘प्रगती कन्सल्टन्सी’ झालो. नाव सोनुबाई, हाती कथलाचा वाळा, पण छपाई मात्र सोनेरी होती. चाळीस कार्डं, चाळीस फर्मा, आणि फोन नंबर सगळ्यांवर एकच, आमच्या ऑफिसचा. मी विचारलं, तर म्हणाले, “त्यांना बाहेरचे लोक फोन करून त्रास देतील.”

आता या उद्योजकांचा दिवस कसा असायचा ते सांगतो.

साडेआठला पितळी घंटा व्हायची. ती ते स्वतः वाजवायचे, कुणाला हात लावू द्यायचे नाहीत. आठ पस्तीसला गेट बंद. पस्तिसाव्या मिनिटानंतर आलेल्या उद्योजकानं गेटाबाहेर उभं राहून उशीर का झाला ते लेखी द्यायचं. ज्याला लिहिता येत नसे त्याला मी लिहून द्यायचो, म्हणजे माझ्या कन्सल्टन्सीला तेवढंच काम. संडासाला जायचं तर पत्र्याचे दोन बिल्ले होते, एक बायकांचा, एक पुरुषांचा. बिल्ला खिळ्यावर असला तरच उठायचं. डब्यात सुकट, बोंबील आणायचे नाहीत, पांढऱ्या टॉवेलला वास लागतो. केसांना तेल लावून, फूल माळून यायचं नाही. हसायचं तर जेवणाच्या सुट्टीत. लोखंडी जिन्यानं चढून गेलं की वर त्यांची काचेची केबिन होती, तिथून सगळा कारखाना दिसायचा. ते दिवसभर तिथं उभे असायचे. त्यांना खुर्चीवर बसलेलं मी फारसं पाहिलं नाही.

हत्यारं स्वतःची आणावीत, या कलमाची त्यांनी मोठ्या निष्ठेनं अंमलबजावणी केली. शिवणकामाच्या प्रत्येक बाईला कात्री विकत घ्यायला लावली. कात्री मिळायची त्यांच्याच कपाटात. आणि संध्याकाळी सगळ्या कात्र्या गोळा होऊन पुन्हा त्याच कपाटात कुलूपबंद व्हायच्या. कात्री बाईची, कपाट यांचं, किल्ली यांच्या जानव्याला.

रजेचा अर्ज तर वाचण्यासारखा असायचा. ‘माननीय पार्टनर यांस, सविनय विनंती की...’ एका धंदेवाल्यानं दुसऱ्या धंदेवाल्याला ताप आल्याबद्दल सविनय विनंती करायची. त्यावर ते लाल शाईनं ‘नामंजूर’ लिहायचे. गड्ड्याच्या जत्रेच्या आठवड्यात लाल पेनाच्या दोन रिफिली संपायच्या.

त्यांची बाजू म्हणून एकच गोष्ट सांगता येईल. टॉवेल त्यांना कळायचा. गठ्ठ्यातून कुठलाही एक टॉवेल उपसायचे, डोळे मिटून गालाला लावायचे आणि म्हणायचे, “याचा ताणा ढिला पडलाय, तीन नंबरचा माग बघा.” आणि तीन नंबरच्या मागावर गडबड निघायचीच. टॉवेलाचा सूतन् सूत गालानं ओळखणाऱ्या या माणसाला समोरच्या माणसाच्या अंगावर कसले वळ उठलेत हे मात्र डोळ्यांनी दिसत नव्हतं.

या सगळ्या नाटकात दोघांनीच करार खरा मानला. ही त्यांची चूक म्हणायची की आमची, तुम्हीच ठरवा.

पहिला बसवराज. अक्कलकोटकडचा, माग दुरुस्त करणारा मिस्त्री. हाताला इतकी जाण, की माग आजारी आहे हे त्याला नुसत्या आवाजावरून कळायचं. त्यानं करार माझ्याकडून दोनदा वाचून घेतला आणि पुढच्या मंगळवारी आलाच नाही. बुधवारी आला तेव्हा शेट जिन्यावरच उभे होते.

“कुठं होतास काल?”

“अक्कलकोट रोडला एक कारखाना हाय, त्यांचे दोन माग बंद पडले हुते. काम घेतलं.”

“कुणाला विचारून?”

“विचारायचं कशाला? इतरांचं काम घ्यावं म्हणून लिवलंय की. माझी फर्म हाय, कार्ड तुमीच छापलंय.”

शेटचा चेहरा लाल झाला. “ही गद्दारी आहे! तुला आत्ताच्या आत्ता काढून टाकतो!”

बसवराजनं शांतपणे पाना पिशवीत टाकला. “कसं काढणार शेट? नोकर असतो तर काढला असता. तुमी एक धंदेवाला, मी एक धंदेवाला. धंदा जमला न्हाय म्हणा, रामराम करू.”

आणि रामराम करून गेला. चार महिन्यांनी मागांची रड सुरू झाली. नव्या मिस्त्रीला काही केल्या जमेना, तेव्हा बसवराजला फोन करून बोलवावं लागलं. आता तो त्याला सवड असेल तेव्हा यायचा, आपली हत्यारं आपल्या गाडीवर घालून आणायचा, आपला दर आपण सांगायचा, काम पटलं नाही तर नाही म्हणायचा. पाच कारखान्यांची कामं त्याच्याकडे होती. तो आला की शेट चहा मागवायचे आणि ‘बसवराजजी’ म्हणायचे. चाळीस फर्मांमधली ही एकच फर्म खरी निघाली, आणि तिला त्यांनी शिव्या घालून हाकललं होतं.

दुसरी नरसम्मा. ही विडी घरकुल वसाहतीतली, तेलुगू बोलणाऱ्या विणकरांच्या घरातली. आमच्याकडे येण्याआधी पंधरा-सोळा वर्षं ती घरात बसून विड्या वळायची. शेटनी तिला गरुडाचं भाषण ऐकवलं, कार्ड दिलं, ‘श्री नरसम्मा स्टिचिंग वर्क्स’. तिनं ते देव्हाऱ्यात ठेवलं होतं म्हणे. तिचा हात इतका सफाईचा, की टॉवेलाची कड दुमडून शिवताना बघत बसावं. सहा वर्षांत तिनं उशिराचा कागद माझ्याकडून दोनदाच लिहून घेतला.

नारळी पौर्णिमेला तिच्या समाजाचा मार्कंडेयाचा रथ निघतो. त्या दिवशी तिच्याकडे पाहुणे. रजेचा अर्ज नामंजूर झालेला. तिनं काय केलं, कलमाप्रमाणे आपल्या सुनेला पाठवलं. सून टेलरिंग शिकलेली, हात तयार. ती साडेआठच्या आत गेटवर हजर झाली, हातात सासूचं सोनेरी कार्ड घेऊन. शेट जिना उतरून खाली आले.

“तू कोण?”

“अत्तम्मा आली न्हाय, सासू माजी, म्हणून मी आले. बदलीला.”

“इथं काय धर्मशाळा आहे? कुणीही यावं, कुणीही बसावं? नरसम्माला पाठव!”

ती पोर तशीच उन्हात परत गेली आणि रथ सोडून नरसम्मा धावत आली, नव्या लुगड्यात, कपाळाला हळद तशीच. तेल नको, फूल नको या नियमानुसार तिला आधी नळावर जाऊन गजरा काढायला लावला. दिवसभर ती मान खाली घालून शिवत राहिली. मी वरून ऑफिसच्या खिडकीतून पाहत होतो. मला वाईट वाटलं. वाईट वाटण्यात मी त्या काळात तरबेज होतो, त्याच्या पुढं माझी गाडी जात नव्हती.

इथवर मी त्यांना अहो-जाहो केलं. पुढचं सांगताना ते जमणार नाही.

काही महिन्यांनी एके दिवशी कापणीच्या यंत्रावरचा माणूस आला नव्हता. टॉवेलांचा लांब तागा फिरत्या पात्याखाली घालून कापायचा, असं ते यंत्र. माल निघायची घाई होती. तो जिना उतरून आला, शिवणकामाच्या रांगेतून चालत गेला आणि नरसम्माच्या मागं थांबला.

“नरसम्माताई, आज कटरवर.”

ताई म्हणाला की काहीतरी नवं गळ्यात पडणार, हे सगळ्यांना माहीत होतं. ती म्हणाली, “मला त्ये येत न्हाय की शेट. कदी केलं न्हाय.”

“उद्योजकाला सगळं यायला पाहिजे. उठा.”

ती उठली. साडेदहाच्या सुमाराला किंचाळी ऐकू आली. मी खाली धावलो तेव्हा पांढऱ्या टॉवेलाचा एक पूर्ण तागा लाल झालेला होता. उजव्या हाताची दोन बोटं गेली होती, अंगठ्याजवळची. गाडी काढा म्हणून मी ओरडलो, तर तो म्हणाला, “गाडी माल घेऊन जाणार आहे.” शेवटी योगायोगानं माग बघायला आलेल्या बसवराजनं तिला आपल्या मोटरसायकलवर मध्ये बसवलं, मागं कलावतीबाई धरून बसल्या आणि तिघं दवाखान्यात गेले. पण त्याआधी दुसऱ्या गाडीची वाट बघण्यात पाऊण तास गेला होता, आणि तेवढा वेळ ती टॉवेलांच्या ढिगाला टेकून बसली होती. तो परत वर जाऊन काचेमागं उभा राहिला. थोड्या वेळानं खाली आवाज दिला, “तो तागा आधी धुवायला टाका, डाग बसेल.”

अशा माणसाला मी आणखी वर्षभर पार्टनर म्हणत होतो, हेही लिहून ठेवतो.

तीन आठवड्यांनी नरसम्मा माझ्याकडे आली. हाताला जाडजूड पट्टी, दुसऱ्या हातात कापडी पिशवी. तिला सरकारी कामगार विम्यातून मोफत उपचार आणि अपंगत्वाची जन्मभर पेन्शन मिळू शकते, असं कुणीतरी सांगितलं होतं. त्यासाठी ती इथं कामाला होती असा एक कागद हवा होता.

“दोन वळी लिवा की भाऊ. नरसम्मा हितं कामाला हाय, एवडंच.”

मी काय केलं असेल? मी कपाटातून करार काढला आणि तिला सातवं कलम वाचून दाखवलं. तिला मराठीपेक्षा तेलुगू जवळचं, म्हणून सावकाश वाचलं, एकेक शब्द सुटा करून. माझं सुबक भाषांतर. तिनं शेवटपर्यंत ऐकून घेतलं. मग पिशवीत हात घालून एक जुनं, कोपरे झिजलेलं कार्ड काढलं आणि माझ्या टेबलावर ठेवलं. विडी कामगाराचं कार्ड. वर तिचा तरुणपणीचा फोटो.

“बगा. घरात बसून विड्या वळायची मी. सकाळी वळा, दुपारी वळा, सून वळंल, पोरगी वळंल, कोण विचारत नव्हतं. तरी मला कामगार म्हणायचे. दवाखाना हुता, फंड हुता. आनि हितं सहा वर्सं तुमच्या पत्र्याखाली बसले, बिल्ला घेऊन संडासला गेले, तर मी मालकीण? ह्ये कसं हो भाऊ?”

मी करार घडी घालून कपाटात ठेवला. उत्तर माझ्याकडे होतं, पण ते दिलं असतं तर माझी कन्सल्टन्सी त्याच दिवशी बुडाली असती. आता तिला शिवताही येत नव्हतं आणि विडीही वळता येत नव्हती. विडीला नेमकी तीच बोटं लागतात. ती कार्ड पिशवीत ठेवून निघून गेली.

तिचा अर्ज बसवराजनं लिहून दिला. कानडी वळणाची मराठी आणि शुद्धलेखनाचा आनंद, पण एका पानात सगळं होतं.

पाऊस संपता संपता विमा कार्यालयाच्या एक बाई चौकशीला आल्या. पन्नाशीच्या, साध्या, चष्मा दोरीला अडकवलेला. सोबत नरसम्मा. त्यांनी काचेच्या केबिनमध्ये आम्हाला बसवून घेतलं, त्याला, नरसम्माला आणि कागदपत्रं काढून द्यायला मला. त्यानं आधी शेंगाचटणीची दोन पाकिटं पुढं केली, ती बाईंनी न बघता बाजूला सारली. मग त्यानं चाळीस करार मांडले, चाळीस कार्डं पसरली आणि भाषण सुरू केलं.

“मॅडम, ही माणसं स्वतंत्र आहेत. इथं कुणी कुणाचा नोकर नाही. वाटेल तेव्हा येतात, वाटेल तेव्हा जातात.”

बाईंनी त्याचं बोलणं पूर्ण होऊ दिलं आणि नरसम्माकडे वळल्या. “कात्री कुणाची होती?”

“माजी.”

“घरी आहे?”

“न्हाय. त्या कपाटात.”

“काम नसलं तर घरी जाता यायचं?”

“सहाची घंटी झाल्याबिगर कसं जायचं?”

“तुम्ही आला नाहीत तर दुसरं कुणी चालायचं?”

“सून आलती की एकदा. हाकलली.”

बाई नुसत्या लिहीत होत्या. तो अस्वस्थ व्हायला लागला. त्याच्याबद्दल कुणी त्याच्यासमोर बोलतंय आणि तो गप्प बसलाय, असं त्या केबिनमध्ये कधी झालं नव्हतं. त्यात नरसम्मा सहज म्हणाली, “मी कदी कामचुकारपणा केला न्हाय, बाई. देवाची शपथ.”

झालं. हे त्याला सोसेना. कामगार आहे म्हटलेलं त्यानं एक वेळ ऐकून घेतलं असतं, पण चांगली कामगार आहे हे त्याच्या तोंडावर कुणी म्हणावं?

“खोटं! साफ खोटं! मॅडम, हिचा अपघात हिच्या निष्काळजीपणामुळं झाला. माझ्याकडे पुरावा आहे.” त्यानं जानव्याची किल्ली काढली, टेबलाखालचा कप्पा उघडला आणि डायऱ्यांची एक चळत बाईंसमोर ठेवली. काळ्या पुठ्ठ्याच्या, एकेका वर्षाची एकेक. दिवसभर काचेमागं उभा राहून तो काय करतो, ते मला सात वर्षांनी त्या दिवशी कळलं. तो लिहीत होता.

बाईंनी एक डायरी उघडली. चाळीस माणसं, प्रत्येक दिवस, बारीक सुवाच्य अक्षरात. कोण किती वाजता आलं. कोण बिल्ला घेऊन गेलं आणि किती मिनिटांनी परतलं. कोण कुणाशी बोललं. कोण हसलं. कुणाला काय शिक्षा दिली. तो उत्साहानं पानं उलटून दाखवत होता. “हे बघा, चौदा मिनिटं संडासात! हे बघा, इथं दोनदा उशीर! अशा बाईला मी सहा वर्षं सांभाळलं, मॅडम!”

बाईंचा चष्मा नाकाच्या शेंड्यावर आला होता. त्या आणखी चार पानं उलटून बोलल्या, अगदी हळू. “साहेब, मी वीस वर्षं ही नोकरी करतेय. कारखान्यात हजेरीपत्रक सापडत नाही म्हणून किती तरी प्रकरणं अडकतात. इतकं चांगलं हजेरीपत्रक मी कुठं पाहिलं नाही.”

त्याला अजूनही कळलं नव्हतं. तो मान डोलावत होता, कौतुक झाल्यासारखी.

मग त्यांनी अपघाताचा दिवस काढला आणि नरसम्माच्या नावापुढचं मोठ्यानं वाचलं. “साडेदहाला काम सोडले. सव्वा अकराला आवारातून गेली. अर्धा दिवस कापला.”

खालून मागांची खडखड येत होती. नरसम्मानं विचारलं, “काय लिवलंय?” तिला ऐकू गेलं नव्हतं असं नाही, विश्वास बसला नव्हता. बाईंनी पुन्हा वाचायचं टाळलं आणि डायरी मिटून आपल्या पिशवीत ठेवली. “या सगळ्या मी नेतेय,” त्या म्हणाल्या, आणि मला पावती लिहायला सांगितली. मी लिहिली. आनंदानं की लाजेनं, ते मला आजही नक्की सांगता येणार नाही.

निकाल नरसम्मासारखाच लागला, उशीर न करता. चाळीस करार म्हणजे बोलाचीच कढी, बोलाचाच भात. ज्याची वेळ दुसरा ठरवतो, ज्याची कात्री दुसऱ्याच्या कुलपात असते, ज्याला आपल्या जागी दुसरं माणूस पाठवता येत नाही, तो नोकरच, कार्डावर सोनेरी अक्षरात काहीही छापलं तरी. नरसम्माला पेन्शन सुरू करावी, आणि तिथल्या सगळ्यांची कामगार म्हणून नोंदणी करावी.

तो खचला वगैरे अजिबात नाही. चार दिवस घसा बसल्यासारखा हिंडला, मग म्हणायला लागला, “मी यांना आकाश दिलं होतं. यांना पिंजरा पाहिजे.” पुढं दोनेक वर्षांत कारखाना भाच्याच्या हाती देऊन तो व्याख्यानं द्यायला लागला. तिथं समोरची माणसं दोन तास खुर्चीत गप्प बसतात आणि दारं बंद असतात. त्याच्या मनासारखा धंदा त्याला उशिरा का होईना सापडला.

राहता राहिली ती नोंदणीची यादी. ती करायचं काम अर्थात माझ्याकडे आलं. मी जेवणाच्या सुट्टीत कारखान्याच्या मधल्या जागेत टेबल टाकून बसलो आणि एकेकाचं नाव लिहीत गेलो. महादेव, कलावतीबाई, मागावरची माणसं, रंगवाले, शिवणकामाच्या बायका. लोक रांगेत उभे राहिले, नाव सांगताना वडिलांचंही सांगत होते. नरसम्मा कागदांवर अंगठा द्यायला आली होती, ती माझ्या शेजारी स्टुलावर बसली. यादी संपली तेव्हा मी आकडे मोजले. एकोणचाळीस झाले. पुन्हा मोजले. एकोणचाळीसच.

“कोण राहिलं?” मी रांगेकडे बघून विचारलं.

नरसम्मानं रांगेवरून नजर फिरवली. मग माझ्याकडे बघितलं. “तुमचं कुटं हाय?”

“माझं?” मी हसलो. “माझं वेगळं आहे, नरसम्मा. मी ऑफिसात असतो. मी...”

“सात वर्सं रोज येताय की हो भाऊ. कोण हाय मग तुमी?”

मी ‘कन्सल्टंट’ म्हणणार होतो. शब्द जिभेवर आलाही होता. समोर तिचा हात होता, तीन बोटांचा, टेबलाच्या कडेवर टेकलेला. मी पेन उचललं, चाळीस आकडा घातला. आणि नाव लिहिण्याआधी माझी मान आपोआप वर वळली, काचेच्या केबिनकडे.

नरसम्मानं ते पाहिलं.

“लिवा की,” ती म्हणाली. “आता कशाला विचारायलाय त्यानला?”